धूर पाहायचा की धबधबा?

धबधबा कधी पाहायचा, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. घाटात धुके उतरले, ठोसेघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की हंगाम सुरू. दिवाळीचे आकाशकंदील लागले की संपला. सह्याद्रीत पाऊस पडतो तिथेच आणि पडतो तेव्हाच पाणी कोसळते, त्यामुळे आपला हिशोब सरळ आहे: पाऊस जोरात, तर धबधबा जोरात, आणि धबधबा जितका जोरात तितका पाहायला चांगला. हाच हिशोब खिशात घालून कोणी आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा पाहायला निघाला, तर तो दोनदा फसतो. तिथे पावसाळा आणि पूर एका वेळी येत नाहीत, ही पहिली फसगत. दुसरी अधिक खोल आहे. तिथे पाणी सर्वाधिक असते तेव्हा धबधबा सर्वांत कमी दिसतो. आफ्रिकेच्या सहली आता आपल्याकडच्या पर्यटन कंपन्यांच्या यादीत रुळल्या आहेत, आणि ‘कधी जावे’ या प्रश्नाला सगळीकडून एकच उत्तर मिळते: पाणी भरपूर असते तेव्हा, मार्च ते मे. माझे म्हणणे वेगळे आहे. आयुष्यात एकदाच जाणे होणार असेल, तर पुराच्या शिखरावर जाऊ नये आणि दिवाळीच्या सुटीत तर मुळीच जाऊ नये. जून गाठावा. आणि तोही डोळे मिटून नव्हे, नदीला विचारून.

पहिली फसगत आधी समजून घेऊ. झांबेझी नदी उगम पावते झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात. तिथून ती अंगोलात शिरते, वळसा घालून पुन्हा झांबियात येते आणि हजाराहून अधिक किलोमीटर वाहून झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरच्या या धबधब्याशी पोहोचते. या खोऱ्यात पाऊस पडतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च, कारण दक्षिण गोलार्धात तो उन्हाळा असतो. पण वर पडलेले पाणी धावत खाली येत नाही. वाटेत बारोत्सेचे पूरमैदान आहे, सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचे, ताटासारखे सपाट. नदी तिथे पसरते, गवतात शिरते, आठवडेच्या आठवडे रेंगाळते. खाली चोबे नदीच्या संगमाजवळ तर झांबेझीला चढलेले पाणी चोबेच्या पात्रात उलटे घुसते. उपनदीच मागे ढकलली जाते, आणि तिथल्या दलदली भरल्यावर मग पूर पुढे सरकतो. या सगळ्या थांब्यांमुळे खोऱ्यात पाऊस थांबतो तेव्हा धबधब्यावर पूर चढतो, बहुतेक वर्षी एप्रिलमध्ये. उलट डिसेंबरात धबधब्याच्या गावी विजा चमकत असतात, रस्त्यावर पाणी साचलेले असते, आणि नदी मात्र अजून वर्षातल्या नीचांकाच्या आसपासच असते. भिजत भिजत कड्याशी गेलेल्या पर्यटकाला झांबियाच्या बाजूला काळा कातळ दिसतो. जून-जुलैमध्ये याच्या उलट: आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि नदी अजून भरलेली. आपल्या डोळ्यांना हे दृश्य जवळजवळ अशक्य वाटावे असे. निळ्याशार आभाळाखाली एवढे पाणी कोसळताना आपण सहसा पाहत नाही.

आता पाण्याचा आकडा. धबधब्याशी सरासरी विसर्ग एप्रिलमध्ये सेकंदाला सुमारे ३,००० घनमीटर असतो, आपल्या वर्तमानपत्री भाषेत एक लाख क्युसेकच्या थोडा वर. धरणातून एवढे पाणी सोडले की आपल्याकडे पहिल्या पानावर मथळा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो साधारण ३०० घनमीटरपर्यंत उतरतो, म्हणजे दहावा हिस्सा. एकाच धबधब्याची ही दोन टोके आहेत, आणि जाहिरातींत मात्र एकच टोक असते, तेही फुगवलेले. माहितीपत्रकांत हमखास आढळणारा आकडा आहे ‘मिनिटाला ५० कोटी लिटर’. साधा भागाकार केला तर हे सेकंदाला ८,३०० घनमीटरहून जास्त होते. एप्रिलच्या सरासरी विसर्गाचा हिशोब मिनिटाला १८ कोटी लिटरच्या आसपास येतो. म्हणजे माहितीपत्रकातले पाणी हे नेहमीच्या पुराच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे. १९५८ सालासारख्या एखाद्या ऐतिहासिक पुराच्या जवळ जाणारे. अपवादाचा आकडा नियम म्हणून छापला जातो, आणि वाचणाऱ्याच्या मनात ‘सर्वाधिक पाणी म्हणजे खरा धबधबा’ हे समीकरण आणखी घट्ट बसते.

हे समीकरण इथे का मोडते, याचे कारण धबधब्याच्या रचनेत आहे. बहुतेक धबधबे आपण खालून, बाजूने किंवा लांबून पाहतो. नायगारासमोर नदीचे मोठे मोकळे पात्र आहे, आपल्या घाटांत समोर दरी असते. व्हिक्टोरियाचे तसे नाही. झांबेझी सपाट पठारावरून, बेटांमधून वाट काढत संथ येते आणि पात्राला आडव्या गेलेल्या एका भेगेत सगळीच्या सगळी पडते. भेगेची लांबी पात्राच्या रुंदीइतकी, १,७०८ मीटर. खोली जास्तीत जास्त १०८ मीटर, म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारत त्यात उभी राहावी. पण समोरची भिंत आहे जेमतेम शंभरेक मीटरवर, काही ठिकाणी त्याहून जवळ. पाहणारा उभा असतो तो या समोरच्या भिंतीच्या माथ्यावर, पाणी जिथून सुटते त्याच उंचीवर, तोंडासमोर. पाणी खाली आपटते, अरुंद भेगेत कोंडलेली हवा तुषार घेऊन वर उसळते, हा लोट कड्याच्याही वर शेकडो मीटर चढतो आणि मग उलटा पाहणाऱ्याच्याच डोक्यावर कोसळतो. या कायमच्या पावसावर समोरच्या काठावर एक हिरवेगार रान वाढले आहे. त्याच्यापलीकडे पाच मिनिटे चालले की पुन्हा कोरडी झुडपी माती. एप्रिलमध्ये प्रवेशद्वाराशी रेनकोट भाड्याने मिळतात ते उगाच नव्हेत. निसरड्या पायवाटेने माणूस निरीक्षणाच्या जागेपर्यंत पोहोचतो, चष्म्याच्या काचा पुसतो, पुन्हा पुसतो, आणि समोर पाहतो तर पांढरे. वर पांढरे, खाली पांढरे, आवाज मात्र छातीत घुमणारा. वाऱ्याने क्षणभर पडदा फाटला तर काळ्या कड्याचा एक तुकडा आणि त्यावरून सुटणारे पाणी दिसते, आणि फोन खिशातून काढेपर्यंत पडदा मिटलेला असतो. झांबियाच्या बाजूला ‘सुरीची धार’ म्हणतात त्या चिंचोळ्या पुलावर तर या दिवसांत माणूस कठडा धरून नळाखाली उभे राहावे तसा उभा असतो.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो नावाचाच. स्थानिक लोकांनी या जागेला नाव दिले ‘मोसी-ओआ-तुन्या’, गडगडणारा धूर. राणीचे नाव नंतर चिकटले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जागा पाहिली त्यांनी धूर आणि गडगडाट यांनाच तिचे सार मानले, मग आपण कातळ आणि पाण्याची धार मोजत बसणारे कोण? धूर बघायचा तर एप्रिलच. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो हसून सोडून देण्यासारखा नाही. पण नावाकडे नीट पाहिले तर ते लांबून पाहणाऱ्याचे नाव आहे. धूर लांबूनच धुरासारखा दिसतो. जवळ गेले की तो पाऊस होतो. पूर असताना हा लोट तीस-चाळीस किलोमीटरवरूनही दिसू शकतो, आणि त्याचे खरे सौंदर्य तिथूनच आहे, सपाट क्षितिजावर एखादे रान पेटल्यासारखे. तेव्हा धुरासाठी जायचे तर एप्रिलमध्ये जरूर जावे, पण मग कड्याशी उभे राहून धबधबा दिसत नाही म्हणून हळहळू नये. आणि धूर काही एप्रिलचीच मिरास नाही. विसर्ग निम्म्यावर आला तरी लोट उठतच असतो, गडगडाट होतच असतो. जूनमध्ये धूर आटत नाही, एवढेच होते की तो सगळे गिळून टाकत नाही.

दुसरे टोक आहे उतरलेल्या पाण्याचे, आणि त्याच्या बाजूने बोलणारा साक्षीदार मोठा आहे. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने हा धबधबा पहिल्यांदा पाहिला तो १६ नोव्हेंबर १८५५ रोजी. आजच्या कोणत्याही सहल कंपनीला विचारले तर ती हा आठवडा टाळायला सांगेल. पण पाणी उतरलेले होते म्हणूनच तिथल्या कोलोलो जमातीच्या नावाड्यांनी त्याला डोंगीतून थेट कड्याच्या काठावरच्या बेटावर नेले, आणि तिथे पालथे पडून तो भेगेत डोकावू शकला. एप्रिलमध्ये त्या प्रवाहात डोंगी घालणे म्हणजे मरणच. तरीही नजरेने त्याला चांगलाच चकवा दिला. त्याने रुंदी धरली हजार यार्ड आणि उंची शंभर फूट. खरी रुंदी जवळजवळ दुप्पट आणि उंची साडेतीन पट निघाली. पाच वर्षांनी, १८६०च्या ऑगस्टमध्ये, तो मोजमापाच्या तयारीने परत आला. दोरीच्या टोकाला वजन म्हणून बंदुकीच्या गोळ्या बांधल्या, वरून दिसावे म्हणून पांढऱ्या कापडाचा तुकडा लावला, एकाने कड्यावर पालथे पडून कापडावर नजर ठेवली आणि बाकीच्यांनी दोरी सोडली. ३१० फूट गेल्यावर वजन एका उतरत्या कातळावर टेकले, खालच्या पाण्यापासून अजून अंदाजे पन्नास फूट वर. बेरीज झाली ३६० फूट, म्हणजे ११० मीटर. आजच्या १०८ मीटरच्या आकड्याशी ही दोरी आणि चिंधी जवळजवळ जुळते. थोडक्यात, या धबधब्याचा आकार जगाला कळला तो पाणी उतरलेले असताना. भर पुरात गेला असता तर लिव्हिंग्स्टनला आवाजाचे वर्णन लिहिता आले असते, उंची लिहिता आली नसती.

उतरलेल्या पाण्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि सह्याद्रीच्या माणसाला ती विशेष जवळची वाटावी. हा कडा बेसॉल्टचा आहे. आपल्या घाटांचाही कातळ तोच, लाव्हा थिजून झालेला. फक्त तिथला सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या कातळाहून दुपटीपेक्षा जास्त जुना. त्याला आडव्या-तिडव्या भेगा पडल्या, भेगांत ठिसूळ माती-दगड भरले, आणि नदीने तेच कोरून काढले. एक भेग पूर्ण कोरली गेली की धबधबा तिथे काही काळ राहतो, मग वरच्या बाजूची दुसरी दुबळी भेग नदीला सापडते आणि धबधबा मागे सरकतो. आजच्या धबधब्याच्या खाली नदी नागमोडी घळींतून जाते. त्या घळी म्हणजे धबधब्याची जुनी घरे आहेत, एकामागून एक सोडलेली. आणि पुढचे घर कुठे, याचा सुगावाही लागलेला आहे. झिम्बाब्वेच्या टोकाला ‘सैतानाचा धबधबा’ म्हणून ओळखला जाणारा भाग बाकीच्या काठापेक्षा खोल आहे, कारण नदीने पुढची भेग तिथून कोरायला घेतली आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘धबधबे मागे हटतात’ हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलेले असते. ते वाक्य कातळावर लिहिलेले पाहायचे तर तुषारांचा पडदा थोडा तरी बाजूला व्हायला हवा.

मग ऑक्टोबरच का नको? कारण तेव्हा पडदा बाजूला होतो, पण पुष्कळसे पाणीही बाजूला होते. धबधब्याचा काठ सारख्या उंचीचा नाही. झांबियाच्या बाजूचा पूर्वेकडचा भाग उंच आहे, त्यामुळे पाणी उतरू लागले की सर्वांत आधी तो उघडा पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे बहुतांशी कोरडी भिंत उरते. शिवाय झांबियाचे जलविद्युत केंद्र धबधब्याच्या वरूनच पाणी घेते, त्याचा चिमटाही याच बाजूला बसतो. झिम्बाब्वेच्या बाजूचा मुख्य प्रपात बारा महिने वाहतो, म्हणून ‘व्हिक्टोरिया आटला’ हे विधान खोटे आहे. पण आटतो तो दीड-पावणेदोन किलोमीटरचा अखंडपणा. पाण्याची सलग चादर सुटून तिच्या पट्ट्या होतात. व्हिक्टोरिया जगातला सर्वांत उंच धबधबा नाही, सर्वांत रुंदही नाही. उंची आणि रुंदी एकत्र धरली तर कोसळत्या पाण्याचा एवढा मोठा सलग पडदा दुसरा नाही, हीच त्याची ख्याती. ही ख्याती एप्रिलमध्ये असते पण दिसत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये सगळे दिसते पण ती नसते. जूनमध्ये, आणि बऱ्याच वर्षी जुलैच्या पूर्वार्धातही, ती असते आणि दिसते. विसर्ग एप्रिलच्या साधारण निम्म्यावर आलेला असतो, काठ अजून या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला असतो, तुषार वाऱ्याबरोबर येतात-जातात, आणि दुपारी सूर्य पाठीशी आला की इंद्रधनुष्य भेगेत आडवे पडते. म्हणून ‘जून म्हणजे धड ना पूर, धड ना कातळ, नुसता सुवर्णमध्य’ हा आरोप मला मान्य नाही. दोन टोकांमध्ये तडजोड म्हणून जून निवडायचा नाही. ज्या गोष्टीसाठी हा धबधबा प्रसिद्ध आहे ती गोष्ट डोळ्यांनी पाहता येण्याचा काळ तेवढाच आहे, म्हणून निवडायचा. पौर्णिमेची रात्र साधली तर चंद्रप्रकाशातले फिकट धनुष्यही याच दिवसांत दिसण्याची शक्यता चांगली, कारण त्याला तुषारही लागतात आणि निरभ्र आकाशही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि मराठी घरात तोच निर्णायक ठरतो: सुटी कधी? आपल्या घराची सहल शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली असते, आणि परदेशी सहलीसाठी दिवाळीची सुटी अनेकांना सोयीची वाटते. दुर्दैवाने दिवाळी येते ती नेमकी झांबेझीच्या नीचांकावर. ‘सुटी आहे तेव्हा जाऊ, धबधबा काय, असेलच’ असे म्हणून लाखांचा खर्च करणाऱ्या कुटुंबाने निदान हे जाणून जावे, आणि जायचेच तर मुक्काम झिम्बाब्वेच्या बाजूला ठेवावा. पण उन्हाळ्याची सुटी पाहा. राज्याच्या बहुतेक भागात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे जूनचे पहिले दोन आठवडे मोकळे असतात. मुंबई-पुणे घामाने भिजत पावसाची वाट पाहत असते तेव्हा तिथे कोरडा हिवाळा सुरू झालेला असतो: दिवसा मऊ ऊन, पहाटे स्वेटर घालावा लागेल अशी थंडी, डासांचा त्रासही पावसाळ्याच्या मानाने कमी. मे महिन्याच्या सुरुवातीला निघण्याऐवजी सहल तीन-चार आठवडे पुढे ढकलली, एवढ्यानेच पांढऱ्या भिंतीच्या जागी धबधबा दिसू शकतो. या एका बदलाला पैसा लागत नाही, फक्त कारण माहीत असावे लागते.

जूनची किंमत काहीच नाही असे मात्र नाही, आणि ती लपवणे अप्रामाणिक ठरेल. लिव्हिंग्स्टन बेटाच्या टोकाशी कड्याच्या अगदी काठावर एक नैसर्गिक डोह आहे, ‘सैतानाचा डोह’. कातळाच्या बांधाआड पोहत काठावरून खाली डोकावणाऱ्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. तो डोह पाणी पुरेसे उतरल्यावर, साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धापासून उघडतो. खालच्या घळींतले तराफ्यांचे थरारक खेळही पाणी उतरले की रंगतात. चोबे किंवा ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात हत्तींचे कळप पाणवठ्यावर गोळा होतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, रान वाळल्यावर. ज्याला पोहायचे आहे, तराफ्यात बसायचे आहे किंवा मुळात हत्ती पाहायचे आहेत, त्याने खुशाल सप्टेंबर निवडावा. त्याच्यासाठी तोच उत्तम ऋतू. तसेच ज्याला हेलिकॉप्टरचा खर्च परवडतो त्याने एप्रिलही निवडावा, कारण वरून पाहिले तर पूर, भेग, नागमोडी घळी आणि धुराचा खांब असे सगळे एका नजरेत येते. यातून माझाच मुद्दा पक्का होतो. पाण्यात दोष नाही, उभे राहायच्या जागेत आहे. बहुतेक माणसे पायवाटेवरून, दोन पायांवर उभी राहून धबधबा पाहणार आहेत, आणि सल्ला त्यांच्यासाठी द्यायला हवा. छायाचित्रे मात्र आकाशातून काढलेली, आणि सल्ला त्या छायाचित्रांवरून.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप: महिन्यांवर विसंबायचे दिवस राहिलेत का? २०१९च्या अखेरीस व्हिक्टोरियाची कोरड्या कड्याची छायाचित्रे जगभर फिरली आणि धबधबा मेला की काय अशी चर्चा झाली. त्यातला अर्धा भाग गैरसमजाचा होता. ती बहुतेक छायाचित्रे झांबियाच्या बाजूची होती आणि तो भाग दर वर्षीच त्या काळात उघडा पडतो. पण अर्धा भाग खरा होता. त्या वर्षीचा दुष्काळ साधा नव्हता, पाणी नेहमीपेक्षाही खूप उतरले होते. गंमत अशी की पुढच्याच मार्च-एप्रिलमध्ये नदी दुथडी भरून वाहिली, आणि ते पाहायला काठावर कोणी नव्हते, कारण कोविडने जगाच्या सीमा बंद केल्या होत्या. २०२४च्या फेब्रुवारीत झांबियाने दुष्काळाला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केले. हवामान बदलाच्या काळात पाऊस उशिरा येतो, कमी येतो, किंवा एकदम येतो, आणि नदीचा आलेख डावी-उजवीकडे सरकतो. तेव्हा ‘जून’ हे उत्तरही छापील पंचांगासारखे पाळले तर एखाद्या वर्षी खोटे ठरेल. दुष्काळी वर्षात जूनमधले पाणी ऑगस्टसारखे असू शकते आणि मग मे महिनाच योग्य. मोठ्या पुराच्या वर्षी जुलै उजाडेपर्यंत थांबावे लागेल.

हा आक्षेप माझ्या मुद्द्याला मोडत नाही, त्याला नीट आकार देतो. महिना हा अंदाज आहे, विसर्ग हा पुरावा. नदीचे पाणी मोजणारी आणि झांबिया व झिम्बाब्वे यांनी मिळून चालवलेली झांबेझी नदी प्राधिकरण ही संस्था धबधब्याजवळचा विसर्ग नियमित जाहीर करते, आणि गेल्या वर्षीचा याच दिवसाचा आकडाही शेजारी देते. मार्च-एप्रिलमध्ये तो आकडा पाहिला की पूर मोठा की बेताचा हे कळते, आणि बेत आठ-पंधरा दिवस पुढे-मागे करायला तेवढे पुरते. विमानाच्या तिकिटाचे भाव महिनाभर रोज पाहणाऱ्याला नदीचा आकडा दोनदा पाहणे जड नाही. पूर पंचांगावर नाही, पाण्यावर मोजायचा असतो, हे आपल्याला नवीनही नाही. गोदेला किती पाणी चढले हे नाशिककर तारखेवरून सांगत नाहीत. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, ते सांगतात.

झांबेझीच्या काठावर तर ही रीत राजदरबाराची आहे. बारोत्सेच्या त्याच पूरमैदानात लोझी लोकांचा राजा, लितुंगा, राहतो. पाणी चढू लागले की तो लेआलुईचा वाडा सोडतो आणि ‘नालिक्वांडा’ नावाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रचंड नावेतून, माथ्यावर हत्तीची प्रतिमा मिरवत, असंख्य वल्हेकऱ्यांसह लिमुलुंगाच्या उंचवट्यावर जातो. या सोहळ्याला ‘कुओम्बोका’ म्हणतात, म्हणजे पाण्यातून बाहेर येणे. तो बहुतेक वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास होतो, पण त्याची तारीख वर्षभर आधी कोणी छापत नाही. पाणी पुरेसे चढले तर नाव निघते. नाही चढले तर त्या वर्षी सोहळाच होत नाही, राजा असला तरी. नालिक्वांडाखालून जाणारे पाणीच पुढे काही आठवड्यांनी धबधब्याच्या काठावरून सुटते. ज्या नदीपुढे तिचा राजाही आपली तारीख ठरवून बसत नाही, तिच्याकडे जाताना आपण शाळेच्या सुट्यांची यादी आणि सहल कंपनीचे पत्रक एवढ्याच भांडवलावर निघू नये. लितुंगाची नाव कधी निघाली याची बातमी काढावी, मग साधारण दोन महिने मोजावेत, आणि तिकीट काढावे.